आक्का वायनरी पाहते



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. उभा जन्म खडू-फळ्यात घालविलेल्या मास्तराने वाइन करणाऱ्या एका घरी जाऊन आल्याची हकीकत सांगावी, आणि तीही शेतकरी बंधुभगिनींना व शिक्षक मित्रांना, हे त्यांना रुचणार नाही. त्यांना प्रथमच सांगून टाकतो, की मी तेथे हौसेने गेलो नव्हतो. घरातला एक तंटा मिटेना, म्हणून गेलो होतो. त्या तंट्यात दोन एकर जमीन होती, आणि आई व मुलगा यांचे एकमेकांशी बोलणे बंद पडले होते.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, पवन मावळात राहते. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी आमच्या तालुक्याची तीन खोरी. खाली भाताची खाचरे, वर डोंगरउताराची वरकस जमीन. खाचरात इंद्रायणी भात. हे वाण आमच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून तयार झाले आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. वरच्या वरकसात पूर्वी नाचणी-वरी होई. आता तीही फारशी कोणी करीत नाही. आक्काच्या वाट्याला अशी दोन एकर वरकस आहे. तिच्यात करवंदीच्या जाळ्या आणि जांभळीची आठ-दहा जुनी झाडे. उत्पन्न म्हणाल, तर उन्हाळ्यात लोणावळ्याच्या रस्त्यावर द्रोणातून विकलेली करवंदे, एवढेच.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि आमच्या डोंगरांना भाव आला. भाताला नव्हे, डोंगरांना! शनिवार-रविवारी हवा खायला येणाऱ्यांना बंगले हवेत. पूर्वी आम्ही जमीन एकरांत मोजीत होतो, आता गुंठ्यांत बोलतो. आक्काच्या वरकसालाही गिऱ्हाईक आले, इसाराची रक्कम घेऊनच आले. भाचा तळेगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला. तो म्हणाला, "आई, जमीन विकू नको. डहाणूकडे बोर्डीला चिकूची वाइन करतात, नाशिकला द्राक्षाची करतात. आपण जांभळाची करू, करवंदाची करू."

हे ऐकले आणि आक्का भरल्या ताटावरून उठली.

तिचे उठणे मला समजत होते. मेहुणे दारूनेच गेले. खाचराचा एक तुकडा दारूपायी गेला, मग तब्येत गेली, मग माणूस गेले. पुढे गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान झाले. ही तरतूद आपल्या राज्यात आहे, हे श्रोत्यांना ठाऊक असेल. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. गावातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी अर्ध्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली, तर दुकान बंद होते. त्या वेळी आक्का दारोदार हिंडली होती. चुलीपुढच्या बायकांना हाताला धरून तिने मतदानाला नेले आणि बाटली आडवी केली.

"त्याच हातानं मी आता जांभळं धुऊन द्यायची व्हय?" तिने मला विचारले. "मास्तर, इसार घेते मी. जमीन गेली तर जाऊ दे, पण माझ्या उंबऱ्याच्या आत बाटली नको."

पाहा, कसा पेच पडला! मुलगा जमीन वाचवायला निघाला आणि त्याच्या उपायाच्या धास्तीने आई जमीन विकायला निघाली. दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "मला यातले काही कळत नाही आणि तुम्हा दोघांनाही कळत नाही. आधी जाऊन बघू." माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची सासुरवाडी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात. तेथे त्याच्या नात्यातल्या दोघा भावांची स्वतःच्या मळ्यातली छोटी वायनरी आहे. फोन गेला, निरोप आला: फेब्रुवारीत या, तोडणी चालू असते. आक्का म्हणाली, "येते मी. पण पाणीसुद्धा पिणार न्हाई त्यांच्या घरचं."

तळेगावाहून चाकण, तेथून नाशिकचा रस्ता. शिक्षक मित्रांनी मुलांना घेऊन हा प्रवास एकदा अवश्य करावा. पाऊस म्हणजे काय, ते पुस्तकापेक्षा चांगले कळते. लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तळेगाव मागे टाकून चाकणला येईपर्यंत त्याचा पाव हिस्सासुद्धा उरत नाही. ढग घाटमाथ्यावर आपले ओझे उतरवितात आणि हलके होऊन पुढे जातात. म्हणूनच आमच्या मावळात द्राक्ष होत नाही. द्राक्षाला पाणी मोजून लागते आणि ते मुळाशी लागते. पानाफळांवर पाणी राहिले, की केवडा आणि करपा हे रोग वस्तीला येतात. मंचर सोडले, नारायणगाव आले, तसे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव दिसू लागले.

या नारायणगावाचे नाव वाइनच्या इतिहासात आहे. शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात येथे फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली आणि ती परदेशी पाठविली. पुढे २००० साली राजीव सामंत यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन नाशिकला निघाली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क ठरले. मग वाइनच्या द्राक्षाची जणू साथच आली. ज्याने-त्याने कर्ज काढून वेल लावले. २००८ साली जगभर मंदी आली, वर्षाअखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि मागणी घसरली. पुढच्या दोन-तीन वर्षांत कित्येक वायनऱ्या अडचणीत आल्या आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनचे वेल स्वतःच्या हाताने उपटून टाकले. भाच्याला हे मी गाडीतच सांगितले. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. आक्का मात्र म्हणाली, "म्हंजी यातबी बुडत्यात."

"यातही बुडतात," मी म्हणालो.

मळ्यावर पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि तोडणी संपलीसुद्धा होती. पहाटे अंधारात कपाळाला दिवे बांधून तोडतात. ऊन लागले, की घड तापतात आणि रस बिघडू लागतो. ही द्राक्षे आपण खातो त्यांपैकी नव्हेत. आपली खाण्याची थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका म्हणजे मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाइनचे मणी लहान, साल जाड आणि आत बिया. थोरल्या भावाने एक मणी आक्काच्या हातावर ठेवला. तिने तो चावून पाहिला. "गोड हाय, पर सालीला करवंदावानी तुरटाई हाय," ती म्हणाली. तो भाऊ हसला. म्हणाला, "मावशी, त्या तुरटपणासाठीच तर ही लावतात. तांबड्या वाइनचा रंग सालीत असतो. आतला रस बहुतेक पांढराच." म्हणून तांबडी वाइन सालींसकट आंबवितात, आणि पांढरी करायची असली, तर रस आधी दाबून वेगळा काढतात.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती शेतकरी बंधूंना रुचेल. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो आणि वसंतात जागा होतो. आपल्याकडे त्याला झोपच नाही. मग त्याला कात्रीने वळण लावावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, ती घडांसाठी. फळ कोरड्या थंडीत पोसते आणि जानेवारी ते मार्च तोडणीला येते.

मग आम्ही आत गेलो. ‘कारखाना’ म्हणावे असे तेथे काही नव्हते. पत्र्याच्या छपराखाली एक उंच खोली, तीत पोलादाच्या सहा टाक्या, एक रस काढण्याचे यंत्र आणि कोपऱ्यात लाकडी पिंपे. ही ओक नावाच्या झाडाच्या लाकडाची, फ्रान्सकडची पिंपे, एकेकात २२५ लिटर मावतात. दोघा भावांच्या बायका रबरी बूट घालून नळीने फरशी धूत होत्या. धाकटी म्हणाली, "गुरुजी, लोकांना वाटतं आम्ही दिवसभर वाइन करतो. आम्ही दिवसभर धुतो." बारा आणे धुणे आणि चार आणे करणे, असे हे काम.

टाकीत काय घडते, ते थोडक्यात सांगतो. फळात साखर असते. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव ती साखर खातात आणि तिचे दोन पदार्थ करतात: मद्यार्क आणि कर्बद्विप्राणिद वायू, ज्याला आजच्या पुस्तकात कार्बन डायऑक्साइड म्हणतात. लिटरभर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली, की मद्यार्क एक टक्का होतो. द्राक्ष पुरते पिकले, की वाइन बारा-तेरा टक्क्यांची होते. हे सारे सूक्ष्म जीवांचे काम आहे, ही गोष्ट फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सिद्ध केली. दुधाच्या पिशवीवर आपण ‘पाश्चराइज्ड’ असे वाचतो, ते त्यांच्याच नावावरून. वाइन नासू नये म्हणून ती बेताने तापविण्याची रीत त्यांनी काढली, आणि तीच पुढे दुधाच्या कामी आली.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करावा. बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर, पावाचे चिमूटभर यीस्ट, तोंडावर फुगा. तासाभरात फुगा उभा राहतो. तोच वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला, तर निवळी दुधाळ होते.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो टाकीच्या तळाशी साचतो आणि त्यात उतरलेला माणूस गुदमरतो. म्हणून रिकामी वाटली, तरी टाकीत कोणी एकट्याने उतरायचे नाही, आधी वारा खेळवायचा, हवा तपासायची, हा त्या घरचा पहिला नियम. मी म्हणालो, "आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात." तो म्हणाला, "गुरुजी, तेच हे."

इतके पाहून झाल्यावर ओसरीवरच्या लांब टेबलापाशी आम्हांला बसविले. चाखण्याची वेळ आली. आक्काने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि खुर्ची थोडी मागे सरकविली.

चाखणे म्हणजे पिणे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. काचेच्या पेल्यात जेमतेम दोन घोट ओततात. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहतात. मग पेला गोल फिरवितात, म्हणजे वास मोकळा होतो, आणि नाक आत घालून वास घेतात. शेवटी एक लहान घोट तोंडात घोळवितात आणि टेबलावर मातीचे भांडे ठेवलेले असते, त्यात थुंकतात. होय, थुंकतात. आपल्या मालाचा न्याय करणारा माणूस दिवसात तीस-चाळीस पेले तपासतो; ते पोटात गेले, तर न्याय कसला होणार?

मी आणि भाच्याने तसे केले. मला पहिल्या पेल्यात आंबट लागले, दुसऱ्यातही आंबटच लागले. मालकाने धीर दिला, की पहिल्या दिवशी सर्वांना असेच होते. आक्का नुसती पाहत होती. तेव्हा थोरली जाऊ तिच्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, प्यायचं नाही. मीही पीत नाही. नुसता वास घ्या. आमच्या घरात वासाला नाक माझंच."

वास घेण्याला आक्काची हरकत नव्हती. ती वासात वाढलेली बाई. मिटल्या डोळ्यांनी ती यंदाचा तांदूळ आणि गेल्या सालचा तांदूळ वेगळा सांगते. चुलीवरच्या दुधाचा वास ओसरीवरून ओळखते. तिने पांढऱ्या वाइनचा पेला नाकाशी धरला. "कच्चा पेरू," ती म्हणाली, "आन कापलेलं गवत." मालकाने चटकन वर पाहिले. या जातीला सोव्हिन्यों ब्लां म्हणतात आणि तिची ओळख नेमकी हीच. दुसरी तांबडी, शिराज जातीची. "मिरी. आन जांभूळ, उन्हात तापल्यालं." जाऊबाईंनी टाळीच वाजविली.

तिसऱ्या पेल्याला आक्काने नाक लावले आणि पेला खाली ठेवला. "ह्याला ओल्या पोत्याचा वास येतोय," ती म्हणाली. क्षणभर सारे गप्प झाले. मला वाटले, आता यजमान दुखावणार. मालकाने पेला उचलला, वास घेतला, पुन्हा घेतला. मग बाटली उचलून त्याने बाजूला ठेवली. "मावशी, खरं आहे. बूच खराब निघालं. शेकड्यात एखादं असं निघतं, ते सगळी बाटली नासवतं. आमच्या नजरेतून सुटलं." आणि त्याने एक वही उघडून त्या बाटलीची नोंद केली: कोणती टाकी, कोणती तारीख, कोणते बूच.

ती वही आक्काच्या मनात भरली. तिने ती मागून घेतली. तोडणीची तारीख, वजन, साखर, टाकीचे तापमान सकाळ-संध्याकाळ, किती बाटल्या भरल्या, किती विकल्या, किती फुटल्या. उत्पादन शुल्क खात्याची वही निराळी. थेंबा-थेंबाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो, कारण १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात आजही लागू आहे आणि वाइन करण्याचा परवाना त्याच कायद्याखाली मिळतो. परवान्याशिवाय घरच्या घरी हांडाभर केली, तरी तो गुन्हा आहे. भाच्याने हे लिहून घेतले.

मग आक्काने खुर्ची पुढे ओढली आणि आपले प्रश्न काढले. ते तिने गाडीत मनाशी जुळवून आणले असावेत.

"तुमच्या घरात कोन पितं?"

धाकट्या भावाने सरळ उत्तर दिले. "मी पितो, मावशी. जेवताना एक पेला, तोही रोज नाही. दादा फक्त तपासतो. बायका घेत नाहीत. पोरांना वायनरीत काम करायला येऊ देतो, पण टेबलापाशी बसू देत नाही."

"मजुरांना रोजात देता?"

"कधी नाही. वडिलांनी घातलेला नियम आहे. रोज रोखीनं, बाटली नाही."

"हिनं कुणाचं घर बुडत न्हाई, असं सांगाल?"

यावर तो थांबला. तेथे तो दुकानदारासारखा बोलला असता, तर आम्ही चहा न घेताच उठलो असतो. तो म्हणाला, "असं मी म्हणणार नाही. विदेशी दारू ४२.८ टक्के असते, ही तेरा टक्के आहे. पण कमी म्हणजे नाही, असं नव्हे. बाटली संपवायची, असं ज्यानं ठरवलं, त्याला ही पण पुरते. आम्ही विकतो ते जेवणाबरोबर दोन घोट घेणाऱ्याला. पण विकल्यावर ती कुणाच्या हातात जाते, ते आम्हांला दिसत नाही."

येथे मी माझ्याकडून एक भर घालतो. वाइन हृदयाला हितकारक, असे पुष्कळ दिवस सांगितले जात होते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले, की मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक मानता येत नाही. २०२२ साली आपल्या राज्यात मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यावी, असा निर्णय झाला, तेव्हा ‘यात शेतकऱ्याचे हित’ आणि ‘यात घरांचे अहित’ असे दोन्हीकडून मोठे वाद झाले. दोन्ही बाजूंनी बोलणारे खोटे बोलत होते, असे मला वाटत नाही. आमच्या घरात त्या दोन बाजू एकाच चुलीपाशी बसल्या होत्या.

शेवटी मालकाने भाच्याला जवळ बोलाविले. म्हणाला, "तुझी जांभळं-करवंदं रानची. एका वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी अर्धी. करवंद आंबट, साखर कमी; नुसत्या त्याच्या रसाची वाइन होत नाही, साखर घालावी लागते. आम्हांला वेल लावल्यापासून पहिली बाटली विकायला चौथं वर्ष उजाडलं. तोवर कर्जाचा हप्ता थांबत नव्हता. आजही निम्मा संसार रविवारी मळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणावर चालतो. तुला करायचंच असेल, तर आधी फळ ओळख. मांजरीला, तुमच्या पुण्याजवळच, द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, १९९७ सालापासून. तिथं जाऊन शीक. आणि पहिल्यांदा सरबत कर. सरबत नासलं तर शंभर बाटल्यांत कळतं. वाइन नासली तर जमीन जाते."

परत निघताना जाऊबाईंनी चहा आणला. आक्काने तो घेतला. मी तिच्याकडे पाहिले, तशी म्हणाली, "पानी पिनार न्हाई म्हनले व्हते. चा म्हनले न्हवते."

सिन्नर येईपर्यंत कोणी बोलले नाही. मग आक्काच बोलली, आणि कित्येक महिन्यांनी थेट मुलाशी बोलली.

"त्यानं बाटली बाजूला ठेवली, ते बघितलंस? माझं ऐकून. आपला माल वाईट हाय, असं पावन्यापुढं म्हनाला. तुझा बाप कधी म्हनाला न्हाई, की दारू वाईट हाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "इसार घेत न्हाई मी. पर वाइनबी न्हाई. सरबत कर. तीन उन्हाळं मला वही दाव. मंग इचार. तवाबी मी एकटी न्हाई सांगायची. ज्या बायकांस्नी मी मताला नेलं, त्यास्नी इचारीन. त्यांच्या पाठीमागं मी बाटली उभी करनार न्हाई."

भाचा म्हणाला, "आणि त्या नको म्हणाल्या तर?"

"तर सरबतच करशील. जमीन तर ऱ्हाईल."

श्रोते हो, ही गोष्ट येथेच संपली असती, तर ती फार गोड झाली असती. पण पुढच्या उन्हाळ्यात काय झाले, तेही सांगतो, कारण ते उपयोगाचे आहे. अन्नपदार्थ विकण्याची नोंदणी भाच्याने करून घेतली. एप्रिल-मेमध्ये करवंदे आणि जून लागता जांभळे. पहिल्या खेपेला त्याने रस पुरता तापविला नाही आणि बाटल्या घाईने भरल्या. आठवड्याने माळ्यावर फट्फट् आवाज झाले. अकरा झाकणे उडाली. आक्का वर गेली, वास घेतला आणि तेथूनच ओरडली, "आरं, नाशकाच्या टाकीचा वास येतोय!" आमंत्रण नसताना यीस्ट आले होते आणि त्याने आपले काम केले होते. तिने त्या खेपेच्या साऱ्या बाटल्या उकिरड्यावर ओतल्या, आणि वहीत लिहायला लावले: अकरा फुटल्या, सव्वीस ओतल्या.

दुसऱ्या खेपेला बाटल्या आधी उकळून घेतल्या, रस नीट तापविला, गरम असतानाच भरला. आणखी एक सूचना, घरी सरबत करणाऱ्या भगिनींसाठी. लिंबासारख्या फिक्या रसात टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. जांभूळ-करवंदासारख्या गडद रसात ते घातले, तर रंग उडतो. तेथे सोडियम बेंझोएट वापरतात, तेही नेमून दिलेल्या प्रमाणातच, तोलून. अंदाजपंचे नव्हे.

त्या साली बाटल्या किती विकल्या, नफा किती झाला, ते मी सांगत नाही. आकडा मोठा नाही. भाचा कारखान्यातले काम सोडू शकलेला नाही. जांभळे झाडावरून उतरवायला माणसे मिळत नाहीत. गिऱ्हाईक अधूनमधून फेरी मारते आणि गुंठ्याचा नवा भाव सांगून जाते. पण करवंदीच्या जाळ्या जागच्या जागी आहेत. आक्का दर रात्री वही उघडते. तिला फार लिहिता येत नाही, म्हणून भाचा वाचतो आणि ती ऐकते. एखादा आकडा चुकला, तर तिला तोही वासाने कळतो, असे तो म्हणतो.

तीन उन्हाळ्यांपैकी एक झाला आहे. दोन राहिले. वाइनचा प्रश्न तेव्हा निघेल, आणि काय ठरेल, ते मला आज सांगता येणार नाही. मला समाधान एवढ्याचेच आहे, की तो प्रश्न आता आई आणि मुलगा एकाच चुलीपाशी बसून एकमेकांना विचारतील.